कंपनीच्या अहवालातील ‘एकदाच झालेला खर्च’ कसा वाचावा?

शेतकरी उत्पादक कंपनीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल वाचला जात असताना एक वाक्य पुष्कळदा कानावर पडते : “या वर्षी नफा कमी दिसतो, परंतु तो एकदाच झालेल्या खर्चामुळे. तो वगळल्यास कंपनीची स्थिती उत्तम आहे.” सभासद मान हलवितात, ठराव मंजूर होतो आणि सभा चहापानाकडे वळते. हे वाक्य काही वेळा पूर्णपणे खरे असते, तर काही वेळा त्याच्याआड वर्षानुवर्षांचा तोटा दडलेला असतो. त्यातील फरक ओळखता आला नाही तर बोनस, कर्ज आणि नवीन यंत्रसामग्री यांविषयीचे निर्णय चुकीच्या आकड्यांवर घेतले जातात व त्याचा भुर्दंड शेवटी सभासदालाच बसतो.

उत्पादक कंपन्यांची तरतूद २००२ च्या दुरुस्तीने १९५६ च्या कंपनी कायद्यात झाली. आता ती २०१३ च्या कंपनी कायद्यात समाविष्ट आहे. अशा कंपनीचा सभासद हा तिचा मालकही असतो आणि तिला माल पुरविणाराही. मालाच्या किमतीतील राखून ठेवलेली रक्कम, भागभांडवलावरील मर्यादित परतावा आणि केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात मिळणारा बोनस या तिन्ही गोष्टी कंपनीच्या खऱ्या कमाईशी जोडलेल्या आहेत. म्हणून नफा-तोटा पत्रकातील ही एक ओळ समजून घेणे प्रत्येक सभासदाच्या हिताचे आहे.

एकदाच होणारा खर्च म्हणजे काय?

आपल्या शेतीचेच उदाहरण घेऊ. एखाद्या द्राक्ष बागायतदाराच्या बागेवरील मांडव वादळात कोसळला व तो नव्याने उभारावा लागला. हा खर्च दरवर्षीच्या छाटणी, फवारणी, खते व मजुरीच्या खर्चात मिसळला तर त्या वर्षी एकरी उत्पादन खर्च अवाच्या सवा दिसेल आणि पुढील वर्षाचा अंदाज चुकेल. म्हणून जाणता शेतकरी वहीत तो वेगळा मांडतो. कंपन्याही हेच करतात. नेहमीच्या कामकाजातून किती मिळाले व नेहमीबाहेरच्या घटनेमुळे किती गेले, हे वाचणाऱ्याला वेगवेगळे कळावे हा त्यामागील मूळ हेतू आहे आणि तो योग्यच आहे.

आता दुसरे उदाहरण पाहा. विहिरीवरील मोटार दर दोन वर्षांनी जळते आणि शेतकरी प्रत्येक वेळी म्हणतो, “हा काही नेहमीचा खर्च नव्हे.” दहा वर्षांत पाच वेळा भरलेली मोटार हा नेहमीचाच खर्च होय. तो फक्त दरवर्षी न येता वर्षाआड येतो एवढेच. खर्चाला काय नाव दिले आहे यापेक्षा तो किती वेळा येतो हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

हिशोबाचा नियम काय सांगतो?

भारतातील लहान व मध्यम कंपन्यांना, म्हणजेच बहुतेक उत्पादक कंपन्यांना, लेखा मानक क्रमांक ५ लागू होते. त्यात दोन प्रकार सांगितले आहेत.

(१) असाधारण बाबी : कंपनीच्या नेहमीच्या कामकाजाशी स्पष्टपणे संबंध नसलेल्या आणि वारंवार किंवा नियमित घडण्याची अपेक्षा नसलेल्या घटना. भूकंपाने झालेले नुकसान किंवा मालमत्तेवर आलेली जप्ती ही मानकातील उदाहरणे आहेत.

(२) अपवादात्मक बाबी : नेहमीच्याच कामकाजातील, परंतु आकाराने किंवा स्वरूपाने इतक्या मोठ्या की त्या वेगळ्या दाखविल्याशिवाय कामगिरी नीट समजणार नाही. साठ्याची किंमत कमी करणे, कामकाजाची पुनर्रचना, स्थावर मालमत्तेची विक्री, न्यायालयीन दाव्यांचा निपटारा, पूर्वी केलेली तरतूद परत घेणे इत्यादी बाबी यात येतात.

मानकातील एक खुलासा मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. भूकंप ही बहुतेक कंपन्यांच्या दृष्टीने असाधारण घटना आहे. परंतु भूकंपाचा विमा उतरविणाऱ्या कंपनीला त्यापोटी द्यावे लागणारे दावे हे तिचे नेहमीचेच काम आहे. अर्थात, घटना तीच असली तरी ती कोणाच्या धंद्यात घडली यावर तिचे वर्गीकरण ठरते. धान्य खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीत माल भिजणे, भाव पडणे किंवा व्यापाऱ्याकडील पैसे बुडणे हे त्या धंद्यातील नेहमीचेच धोके आहेत. त्यांना भूकंपाच्या रांगेत बसविता येणार नाही.

मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना लागू असलेल्या नव्या मानकांत ‘असाधारण’ हा प्रकारच ठेवलेला नाही. मात्र ‘अपवादात्मक बाबी’ ही ओळ त्यांच्या नफा-तोटा पत्रकातही असते.

खर्च कागदावरचा की रोखीचा?

एकदाच दाखविलेल्या खर्चात रोख पैसा बाहेर जातोच असे नाही. दाव्याची तडजोड केली, कामगारांना नुकसानभरपाई दिली, तर पैसा आज ना उद्या जातो. परंतु पूर्वी घेतलेल्या मालमत्तेची किंमत घटली म्हणून ती पुस्तकात कमी केली, तर त्या दिवशी तिजोरीतून एक पैसाही जात नाही. यास मूल्यघट म्हणतात.

याचे ठळक उदाहरण टाटा मोटर्सचे आहे. या कंपनीने २००८ साली जग्वार लँड रोव्हर ही ब्रिटिश मोटार कंपनी विकत घेतली. ऑक्टोबर ते डिसेंबर २०१८ या तिमाहीत तिने त्या व्यवसायातील मालमत्तेची किंमत २७,८३८ कोटी रुपयांनी कमी केली आणि तिमाहीचा एकत्रित तोटा २६,९६१ कोटी रुपये दाखविला. त्या तिमाहीत एवढी रोकड कंपनीतून बाहेर गेली नव्हती.

म्हणून मूल्यघट बिनमहत्त्वाची असते असा समज मात्र करून घेऊ नये. पैसा त्या दिवशी गेला नाही याचे कारण तो आधीच गेलेला असतो. चार लाखांना घेतलेले यंत्र आज दीड लाखाचे काम देत असेल तर अडीच लाख रुपये खरेदीच्या वेळीच अडकून पडले. मूल्यघट ही त्या जुन्या निर्णयाची उशिरा दिलेली कबुली असते.

मोन्सॅन्टोची खरेदी आणि बायरचे आकडे

शेतकऱ्यांच्या परिचयाच्या क्षेत्रातील उदाहरण म्हणजे जर्मनीची बायर कंपनी. मोन्सॅन्टोचे नाव आपल्याकडे बीटी कापसामुळे घरोघरी पोचले. जालन्याच्या महिको कंपनीबरोबरच्या भागीदारीतून आलेल्या या वाणांना २००२ साली भारतात मान्यता मिळाली होती. ही मोन्सॅन्टो कंपनी बायरने जून २०१८ मध्ये सुमारे ६३ अब्ज डॉलरला विकत घेतली. तिच्याबरोबर ग्लायफोसेट या तणनाशकासंबंधीचे अमेरिकेतील दावेही बायरकडे आले.

जून २०२० मध्ये बायरने दाव्यांच्या तडजोडीसाठी १०.९ अब्ज डॉलरपर्यंत रक्कम देण्याचे जाहीर केले. त्यामुळे एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत कंपनीला ९.५ अब्ज युरो तोटा झाला. त्याच तिमाहीत ‘विशेष बाबींपूर्वीचा’ कामकाजाचा नफा मात्र वाढलेला होता. दोन्ही आकडे खरे होते. पहिल्यात जुन्या दाव्यांचा भार होता, तर दुसऱ्यात त्या तीन महिन्यांतील बी-बियाणे व औषधांचा धंदा होता.

येथपर्यंत एकदाच झालेल्या खर्चाचा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. परंतु पुढील वर्षे पाहिली म्हणजे वेगळे चित्र दिसते. त्याच वर्षीच्या पुढील तिमाहीत शेती विभागाच्या मालमत्तेत ९ अब्ज युरोंहून अधिक मूल्यघट दाखविली गेली आणि २०२० या पूर्ण वर्षाचा तोटा १०.५ अब्ज युरोंवर गेला. २०२१ मध्ये दाव्यांसाठी आणखी ४.५ अब्ज डॉलरची तरतूद झाली. २०२३ मध्ये पुन्हा शेती विभागात मूल्यघट होऊन वर्षाचा तोटा २.९ अब्ज युरो झाला आणि २०२४ सालही तोट्याचेच गेले. प्रत्येक नोंदीला स्वतंत्र कारण होते. तरी पाच वर्षांतील चार वर्षे अशा मोठ्या नोंदी आल्यावर त्यांना अपघात म्हणता येत नाही. त्या एका मोठ्या खरेदीची हप्त्याहप्त्याने चुकती होणारी किंमत आहेत असेच वाचणाऱ्याने समजावे.

भागधारकांच्या हाती काय पडले तेही पाहण्यासारखे आहे. २०२२ या वर्षासाठी बायरने प्रति भाग २.४० युरो लाभांश दिला होता. २०२३ साठी तो ०.११ युरोवर, म्हणजे कायद्याने द्याव्या लागणाऱ्या किमान रकमेवर आणला. ‘विशेष बाबी वगळून’ काढलेला नफा कितीही चांगला असला तरी लाभांश वगळलेल्या नफ्यातून मिळत नाही.

एकाच वर्षी सगळा कचरा

या ओळीचा जाणूनबुजून गैरवापरही होतो. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष आर्थर लेव्हिट यांनी १९९८ साली न्यूयॉर्क येथील भाषणात याकडे लक्ष वेधले होते. युक्ती अशी असते : ज्या वर्षी नाहीतरी तोटा होणारच आहे, त्या वर्षी गरजेपेक्षा जास्त खर्च दाखवून टाकावा. तोटा दहाचा असो की पंधराचा, लोक एकदाच बोलतात. पुढील वर्षी ती जादा तरतूद ‘लागली नाही’ म्हणून परत घ्यावी व तेवढा नफा आयता दाखवावा.

सनबीम ही मिक्सर व इतर घरगुती उपकरणे बनविणारी अमेरिकन कंपनी याचे गाजलेले उदाहरण आहे. जुलै १९९६ मध्ये अल डनलॅप हे तिचे प्रमुख झाले. त्या वर्षी पुनर्रचनेच्या नावाखाली मोठा खर्च दाखविण्यात आला व १९९७ साली १८.९ कोटी डॉलरचा विक्रमी नफा जाहीर झाला. आयोगाने २००१ साली केलेल्या तक्रारीनुसार १९९६ मधील किमान ३.५ कोटी डॉलरच्या तरतुदी अयोग्य होत्या आणि १९९७ च्या नफ्यातील किमान ६ कोटी डॉलर हिशोबातील गैरप्रकारातून आले होते. विक्रेत्यांकडे हंगामाआधीच माल ढकलून विक्री फुगविणे हाही त्याचा एक भाग होता. डनलॅप यांना जून १९९८ मध्ये काढून टाकण्यात आले आणि फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

संचालक मंडळ बदलल्यावर आपल्याकडील संस्थांतही जुनी येणी आणि जुना साठा एकदम खर्ची टाकला जातो. तो प्रत्येक वेळी लबाडीच असतो असे नाही. आधीच्या मंडळाने खरोखर तोटा झाकून ठेवला असेल तर नव्या मंडळाने तो उघड करणे कर्तव्यच आहे. पारख पुढील दोन वर्षांत होते. खर्ची टाकलेली येणी वसूल झाल्याचे किंवा तरतूद परत घेतल्याचे पुढे वारंवार दिसू लागले तर पहिल्या वर्षी हात सैल सोडला होता असे समजावे.

एक हिशोब करून पाहू

खालील आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले काल्पनिक आकडे आहेत. सोयाबीन व तुरीची खरेदी, स्वच्छता, प्रतवारी व विक्री करणारी एक उत्पादक कंपनी आहे. तिचे चार वर्षांचे आकडे (लाख रुपयांत) असे :

पहिले वर्ष : नेहमीचा नफा १८, वादळात गोदामाचे छप्पर उडाले ६, उरलेला नफा १२.
दुसरे वर्ष : नेहमीचा नफा २०; व्यापाऱ्याकडील बुडीत येणे ७; उरलेला नफा १३.
तिसरे वर्ष : नेहमीचा नफा २२, खराब झालेला साठा ८, उरलेला नफा १४.
चौथे वर्ष : नेहमीचा नफा २४, बुडीत येणे १०, उरलेला नफा १४.

संचालक मंडळ सांगते की, कंपनीचा नेहमीचा नफा दरवर्षी दोन लाखांनी वाढत आहे व चार वर्षांची सरासरी २१ लाख आहे. सबब प्रतवारीचे नवे यंत्र घेण्यास हरकत नाही, त्याचा वार्षिक हप्ता १६ लाख येईल.

आता चारही खर्च तपासू. छप्पर उडणे ही खरोखर क्वचित घडणारी घटना आहे. ती वगळणे रास्त आहे. बुडीत येणी व खराब साठा हे मात्र या धंद्याचे नेहमीचे धोके आहेत. ते तीन खर्च नेहमीच्या नफ्यातून वजा केले तर चार वर्षांचे आकडे अनुक्रमे १८, १३, १४ व १४ असे येतात. सरासरी १४ लाख ७५ हजार रुपये. नफा वाढत तर नाहीच, उलट पहिल्या वर्षापेक्षा तो खाली आलेला आहे. १६ लाखांचा हप्ता या कमाईतून भागणार नाही. (नव्या यंत्राचे जादा उत्पन्न, व्याज व घसारा सोपेपणासाठी येथे धरलेले नाहीत.)

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. विक्री वाढविण्यासाठी कंपनीने व्यापाऱ्यांना उधारीवर माल दिला. त्या विक्रीचा नफा ‘नेहमीच्या’ रकान्यात जमा झाला आणि तीच उधारी बुडाली तेव्हा तोटा ‘अपवादात्मक’ रकान्यात गेला. एकाच व्यवहाराची कमाई वरच्या ओळीत व नुकसान खालच्या ओळीत ही मांडणी सभासदांची दिशाभूल करणारी आहे. ज्या विक्रीने नफा दिला तिचाच तोटा तिच्यासमोर मांडला पाहिजे.

एकदाच मिळालेले उत्पन्न

हाच नियम उत्पन्नालाही लावावा. जमिनीची विक्री, विम्याची भरपाई, जुनी तरतूद परत घेणे किंवा अनुदान यांमुळे एखाद्या वर्षी नफा फुगतो. खर्च वगळून दाखविणारे अहवाल असे उत्पन्न वगळण्यास बहुधा विसरतात.

केंद्र शासनाने २०२० साली सुरू केलेल्या १०,००० शेतकरी उत्पादक संघटनांच्या योजनेत प्रत्येक संघटनेला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत मिळून १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद होती. व्यवस्थापक व लेखापालाचा पगार अशा साहाय्यातून भागत असताना दिसणारा नफा आणि ते संपल्यावरचा नफा यांत मोठे अंतर पडते. पगार तर दरवर्षी द्यावाच लागणार आहे. म्हणून अनुदान वजा करून नफा किती उरतो हे पहिल्या वर्षापासूनच मांडून ठेवावे.

ऊस उत्पादकांसाठी

साखर कारखान्याच्या सभासदांनी एक फरक ध्यानात घ्यावा. उसाची रास्त व किफायतशीर किंमत ही १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशान्वये देय असते, कारखान्याच्या नफ्यावर ती अवलंबून नसते. तेव्हा कारखान्यास एखाद्या वर्षी झालेला अपवादात्मक तोटा हे ती रक्कम थकविण्यास कायदेशीर कारण होऊ शकत नाही.

सभेपूर्वी व सभेत विचारावयाचे प्रश्न

उत्पादक कंपनीच्या वार्षिक सभेची सूचना किमान १४ दिवस आधी द्यावयाची असते आणि तिच्यासोबत लेखापरीक्षित ताळेबंद व नफा-तोटा पत्रक पाठवावयाचे असते. हा काळ अहवाल चाळण्यासाठी वापरावा. आकड्यांपेक्षा त्याखालील टिपा आधी वाचाव्यात. त्यानंतर पुढील प्रश्न लिहून न्यावेत :

१. एकदाच झाला म्हणून दाखविलेला खर्च नेमका कशाचा? टिपेत त्याचे स्वरूप व रक्कम दिली आहे काय?
२. मागील पाच वर्षांत याच नावाचा किंवा अशाच प्रकारचा खर्च किती वेळा आला?
३. ही घटना आपल्या धंद्यातील नेहमीचा धोका आहे की धंद्याबाहेरची आहे?
४. यातील किती रक्कम रोखीने गेली, किती पुढे जाणार आहे व किती केवळ पुस्तकात कमी केली?
५. पुस्तकात कमी केली असल्यास मूळ खरेदी केव्हा व कोणत्या ठरावाने झाली होती?
६. मागे केलेल्या तरतुदींपैकी किती परत घेतल्या? त्या या वर्षीच्या नफ्यात धरल्या आहेत काय?
७. एकदाच मिळालेले उत्पन्न व अनुदान वजा केल्यास नफा किती राहतो?
८. नुकसान विम्याने भरून निघणारे होते काय? नसल्यास विमा का उतरविला नव्हता?

हे प्रश्न विचारणे म्हणजे संचालकांवर अविश्वास दाखविणे नव्हे. प्रामाणिक मंडळाला त्यांची उत्तरे देणे जड जात नाही, उलट पुढच्या वर्षीचा अहवाल अधिक स्वच्छ लिहिला जातो.

सारांश

एकदाच झालेला खर्च वेगळा दाखविणे ही चांगली पद्धत आहे, परंतु तो कायमचा वगळणे धोक्याचे आहे. एका वर्षाच्या आकड्यावर विसंबू नये. किमान पाच वर्षांचे नफे व अपवादात्मक बाबी एका कागदावर शेजारी शेजारी मांडाव्यात. खरोखर क्वचित घडणारे नुकसान वगळावे, धंद्याच्या नेहमीच्या धोक्यातून आलेले नुकसान नफ्यातून वजा करावे आणि जी सरासरी उरेल तीच कंपनीची कुवत समजावी. बोनस किती वाटावा, कर्ज किती काढावे आणि यंत्र केव्हा घ्यावे हे त्या कुवतीवरच ठरवावे. वहीतील मोटारीची दुरुस्ती जसे आपण दर दोन वर्षांनी धरून चालतो, तसेच कंपनीच्या बुडीत येण्यांसाठी व साठ्याच्या नुकसानीसाठीही दरवर्षी काही रक्कम बाजूला ठेवावी, म्हणजे पुढील अहवालात ‘एकदाच’ हा शब्द वापरण्याची वेळ कमी येईल.